लाल आकडा

मी एक जुना अंतरमापक आहे. आगपेटीएवढा. सायकलच्या पुढच्या चाकाजवळ बसतो. चाकाच्या तारेला लावलेली खीळ दर फेऱ्याला माझ्या दातेरी चकतीला टिचकी मारते आणि माझे आकडे सरकतात. काळे आकडे किलोमीटरचे. शेवटचा एक लाल, तो दर शंभर मीटरला बदलतो. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

कारखान्यात मला तेलाचा एक थेंब मिळाला. त्यानंतर नाही.

३११८.४

मित्रांनो, इथून महिनाभराची सायकल-फेरी सुरू झाली. लहान मुलांच्या कर्करोगावर औषध शोधणाऱ्यांसाठी पैसे जमवायचे होते. फेरीचे प्रमुख मास्तर इतके काटेकोर, की शेजारी त्यांना पाहून घड्याळ लावत. त्यांचा नियम एकच: अंतर स्वतःच्या बळाने कापलेले हवे, मोटारीला लोंबकळून नव्हे.

माझी सायकल शिवणकाम करणाऱ्या एका आत्याची. तिची आठ वर्षांची भाची त्याच आजाराने रुग्णालयात होती. आत्या रोज संध्याकाळी सायकल रुग्णालयाच्या ओसरीत, भाचीच्या खाटेजवळच्या दारापर्यंत आणायची. सायकलला काय दुखतंय, असे पहारेकरी रोज विचारायचा. आत्या रोज नवा आजार सांगायची.

भाची मात्र हसायची नाही. एकदा ती म्हणाली,

"सगळे माझ्यासाठी चालवतात. मी कुणासाठी चालवू?"

आत्या तिची उशी सारखी करू लागली. भाचीनेच शेजारच्या खाटेवरच्या दीड वर्षाच्या बाळाकडे बोट दाखवले.

३६११.२

आत्याने सायकल उलटी केली. आकाश खाली गेले, चाक वर आले. भाचीच्या एका हाताला सलाईनची सुई होती. दुसऱ्या हाताने तिने चाक रेटले.

एक फेरा.

दम.

अर्धा.

दम.

शंभर मीटरला अठ्ठेचाळीस फेरे लागतात. मी डोंगर चढलो आहे, उतारावर वाऱ्याशी पैज लावली आहे. पण असा फेरा मी कधी मोजला नव्हता. माझी चकती गंजलेली होती, तिचा अडथळा त्या बारीक हाताला जाणवत होता. मला हलके होता येईना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गंजाची लाज वाटली.

आत्याने हात पुढे केला. "तू लावू नकोस," भाची म्हणाली.

लाल दोनाचा तीन झाला.

रोज संध्याकाळी एक लाल आकडा. असे सात दिवस.

३७०४.८

शेवटच्या दिवशी मास्तर माझ्यावर वाकले. ते आकडा लिहिणार इतक्यात आत्या म्हणाली, "यातले सातशे मीटर माझे नाहीत." आणि तिने सगळे सांगितले. ते मीटर खोडले जातील, या भीतीने तिचा आवाज बारीक झाला होता. तुझ्यासाठी चालवीन, असा भाचीने बाळाला शब्द दिला होता ना.

"कुणी मदत केली तिला?" मास्तरांनी विचारले.

"हात लावू दिला नाही."

"वेळ किती लागला?"

"सात दिवस."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी आत्याच्या अंतरातून सातशे मीटर वजा केले. आत्याने मान खाली घातली. मास्तर सगळ्यांची अंतरे लिहिलेल्या फळ्याकडे गेले आणि सगळ्यांच्या वर राहिलेल्या जागेत त्यांनी भाचीचे नाव लिहिले. पुढे लिहिले: सातशे मीटर. लाल खडूने.

"माझ्याच नियमातलं आहे," ते म्हणाले.

तो आकडा हलू नये म्हणून आत्याने मला त्याच संध्याकाळी काढले आणि खणात ठेवले. लोक नव्या, चकाकत्या यंत्रांवर अंतर मोजू लागले. मी नऊ वर्षे अंधारात ३७०४.८ धरून बसलो.

परवा खण उघडला. एक उंच मुलगी. हाताच्या पाठीवर सुईची जुनी खूण. तिने नखाने माझी चकती फिरवून पाहिली आणि म्हणाली, "अजून तसाच जड आहेस की रे." मग तिने शिवणयंत्राची तेलाची बुधली उचलली आणि मला दाराशी उभ्या सायकलकडे नेले.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रांना तेलाचा एक थेंब देत जा. त्यांना उद्या कुणाचा हात लागेल आणि त्या हातात किती बळ उरले असेल, हे त्यांना आधी कळत नाही.

३७०४.९