निळ्या फुलांचं बेसिन

१२ मार्च १९७३, सोमवार. आभाळ कोरडं ठणठणीत, वारा गरम. बार्शीच्या पेठेत एवढी धूळ, की दुकानदार तासातासाला फडकं मारत होते.

मी हात धुण्याचं एक बेसिन बोलतोय. शिंपल्याच्या घाटाचा, उथळ, काठाला निळी फुलं. पांढऱ्या मातीतून घडलो, भट्टीत भाजलो, आणि गुरुसिद्धप्पांच्या दुकानात आठ महिने काचेमागं बसून होतो. गिऱ्हाइकं यायची, फुलांवरून बोट फिरवायची आणि बादली घेऊन जायची. दुष्काळाचं साल. ज्याच्या घरी नळच नाही, तो बेसिन कशाला नेईल?

त्या सोमवारी दोघं आली. वाशीकडच्या एका खेड्याचे आण्णासाहेब, तिथल्या सेवा सोसायटीचे चेअरमन. आणि त्याच गावच्या बौद्धवाड्यातल्या मुक्ताबाई, सोलापूरला शिकून आलेल्या नर्स. सोसायटीनं गावात बाळंतपणाची खोली बांधली होती. आण्णासाहेबांची बायको बाळंतरोगानं गेलेली. आता लेक अयोध्या पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, आठवा लागला होता. खोलीतलं पहिलं बाळंतपण तिचंच होणार होतं.

मुक्ताबाई सरळ कोपऱ्यातल्या पांढऱ्या, खोल भांड्यापाशी गेल्या.

"आण्णासाहेब, हे घ्या. आणि तोटी ती लांब दांडीची. साबणाच्या हातानं धरावी लागत न्हाय, कोपरानं ढकलता येती. आन् दांडी बघितली की दारातूनच कळतं, उघडी हाय का बंद."

"बाई, बाळंतीण काय ट्रॅक्टर चालवणार हाय व्हय, दांडी कशाला?" गुरुसिद्धप्पा हसले. त्यांनी माझ्यावरचं फडकं काढलं. "चेअरमनसाहेब, हे बघा. वर ही चकचकीत गोल मुठीची तोटी. कुठूनबी बघा, सारखीच दिसती."

ते खरंच होतं. ती मूठ उघडी असो की बंद, सारखीच दिसायची.

आण्णासाहेबांनी माझ्या फुलांवर तळवा ठेवला. हात रापलेला होता, पण हलका.

"मुक्ताबाई, तुमचं पटतंय मला. पर ते दवाखान्यागत दिसतंय. पोरगी दवाखान्याचं नाव काढलं की रडती. हे बघून तिला जरा बरं वाटंल."

"हात मला धुवायचेत, आण्णासाहेब."

"तुम्हीबी ह्यातच धुवा की. पाणी तर तेच हाय."

मुक्ताबाईंनी पुढं वाद घातला नाही. आठवडाभर गोड बोलून त्यांनी खोलीला छपरावरची टाकी मिळवली होती. एकाच दिवशी दुसरी गोष्ट मागायला त्यांची जीभ रेटली नसावी.

९ एप्रिलला बार्शीच्या मिस्त्रीनं मला भिंतीत बसवलं. बादलीभर पाणी वरून ओतून बघितलं, ते खालच्या नळीतून भिंतीमागं नीट गेलं. टाकीत मात्र थेंब नव्हता. पहिला टँकर १८ तारखेला यायचा होता. गावात माणशी एक कळशी मिळत होती, तरी टँकर आला की आधी ही टाकी भरायची, हे सगळ्यांनी कबूल केलं होतं. एकाही बाईनं त्यावर तोंड वाकडं केलं नाही, हे मी खोलीत झालेल्या बोलण्यावरून सांगतो.

खोली झाडायला नागूबाई होत्या. साठीच्या, एका डोळ्यानं अधू. किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीला. त्या मला रोज कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "तुला अंघोळ कधी मिळायची बाबा?" तोटीला त्यांनी कधी हात लावला नाही. मोडंल म्हणून भ्यायच्या.

बाकी जो येई तो मूठ फिरवून बघे. विहीर आटली तर माणूस दोर गुंडाळून ठेवतो. पण तोटीतून काही आलं नाही तर ती परत फिरवून ठेवायची असते, हे त्या गावात कुणाला ठाऊक असणार? मुक्ताबाई जाताना प्रत्येक वेळी मूठ घट्ट करून जायच्या.

१७ एप्रिलला दुपारी त्या वाशीला औषधं आणायला गेल्या होत्या. ऊन असं, की भिंत हाताला चटका देत होती. आण्णासाहेबांचे व्याही लातूरहून आले होते. आण्णासाहेबांनी नागूबाईंकडून किल्ली घेतली आणि व्याह्यांना खोली दाखवायला आणलं.

"ही बघा, अशी फिरवायची. उद्यापास्नं पाणी येणार." त्यांनी मूठ दोनदा डावीकडं फिरवली.

"लई झकास," व्याही म्हणाले. "आमच्याकडंबी न्हाय असलं."

दोघं बोलत बोलत चहाला गेले. दाराला कुलूप लागलं. तोटी उघडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला टँकर आला. बाहेर घागरींचा आणि बायकांचा एकच कालवा. वर टाकीत पाणी पडू लागलं आणि इकडं माझ्यातून वाहू लागलं. आयुष्यातलं माझं ते पहिलं पाणी. थंडगार होतं. मला ते आवडलं, हेही सांगितलं पाहिजे. बंद खोलीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. दीड तासात टाकी रिकामी झाली. मागची भुई तहानलेली होती, तिनं सगळं पिऊन टाकलं.

दुपारी दोनला अयोध्याला आणलं. वय एकोणीस. कळांमध्येही तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आण्णांनी आणलेलं व्हय हे? फुलं छान हायेत."

मुक्ताबाईंनी हाताला साबण लावला आणि मूठ फिरवली. पाणी आलं नाही. दुसऱ्या बाजूला फिरवली. मग त्या खिडकीशी गेल्या. भिंतीमागं कोंबड्या ओल उकरत होत्या.

मुलगी झाली, रडली. पण वार अडकली, रक्त थांबेना. चुलीवर एक किटली उकळून आली होती, ती हत्यारांना लागली. दुसरी उकळेपर्यंत थांबायची सोय नव्हती. शेजारच्या घराला टँकरचं पाणी पुरलं नव्हतं; तिथून तांब्याभर आलं ते विहिरीच्या तळातलं, गढूळ. मुक्ताबाईंनी त्यातच हात धुतले. बाटलीत उरलेलं स्पिरिट ओतून घेतलं आणि हात घालून वार काढली. रक्त थांबलं. दारात आण्णासाहेब उभे होते. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी अयोध्याला ताप भरला. जीपनं बार्शीला नेलं. २६ एप्रिलला ती तिथं वारली.

मे महिन्यात आण्णासाहेब एकटेच बार्शीला गेले. पांढरं, खोल भांडं आणि दांडीची तोटी घेऊन आले. मिस्त्रीनं मला काढून सोसायटीच्या कचेरीत भिंतीला टेकवलं. त्याच दिवशी तिथं बैठक होती.

"तोटी कुणी उघडी ठेवली?" एका पंचानं विचारलं.

"म्या हातच लावला न्हाय तिला," दाराबाहेर बसलेल्या नागूबाई म्हणाल्या. "आदल्या दिशी मालक पावण्यास्नी घेऊन आलते. किल्ली त्यांनीच नेलती."

आण्णासाहेब टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. मुक्ताबाई उभ्या राहिल्या. "म्हातारी खरं बोलती," म्हणाल्या. "मुक्ताबाई, तुम्ही सभासद न्हाय," सचिव हळू आवाजात म्हणाले.

आज १९८४ साल आहे. मी सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांमागं आहे. पेरणीच्या दिवसांत माझ्यात बियाण्याला औषध चोळतात. त्याच्या गुलाबी रंगानं फुलं झाकून गेलीत. मला कुणी धुवावं असं आता वाटत नाही. एवढंच सांगणं आहे, की माझ्यासारखी वस्तू निवडताना जिला तिथं हात धुवायचे आहेत तिला आधी विचारा, आणि ती सांगेल ते ऐका.

त्या बैठकीच्या वहीत असं लिहिलं गेलं. सचिवांनी ते मोठ्यानं वाचलं, म्हणून मला ठाऊक आहे:

"दि. १४ मे १९७३. ठराव क्रमांक चार. प्रसूतिगृहाची किल्ली ताब्यात असताना तोटी उघडी ठेवून निष्काळजीपणा केल्याबद्दल नागूबाई यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. सूचक, चेअरमन. ठराव एकमताने मंजूर."