राजाच्या मरणाची बातमी

शेषगिरी सरांनी विद्यापीठातल्या आमच्या मराठी नाट्यमंडळासाठी ग्रीक शोकांतिका बसवायला घेतली, त्याला कारण कन्नड मंडळ. त्यांनी आदल्या वर्षी इंग्रजी नाटक केलं होतं. धारवाड म्हैसूर राज्यात जाऊन काही वर्षं झाली होती, पण निदान प्राचीनतेत तरी कुणाच्या मागं राहायचं नाही, असं सरांनी मनावर घेतलं.

राजाचं काम त्यांच्या भाच्याला, प्रभंजनला. त्याचं नाक ग्रीक आहे, असं सर म्हणाले. ते नाक सरांच्या बहिणीचं आहे, हे धारवाडातल्या सगळ्या मळमड्डी वस्तीला ठाऊक होतं. मी वृद्ध नागरिकांच्या घोळक्यात होते. वसतिगृहाची चादर गुंडाळायची आणि राजावर संकट आलं की हाय हाय करायचं. हुबळीच्या कमरीपेठेतला केदारी आमच्या वर्गात सगळ्यांत चांगलं वाचायचा. पण त्याचं घर नुकतंच बौद्ध झालेलं, आणि समता सरांना व्याख्यानापुरती पुरायची. त्याला जासूद दिला. एकच प्रवेश.

घोटाळा असा झाला, की कामं वाटली तेव्हा सरांचं भाषांतर अर्धंच झालं होतं. शेवटाला पोचल्यावर त्यांना कळलं, ग्रीक लोक प्रेक्षकांसमोर कुणाला मारत नाहीत. राजा आत जाऊन मरतो, आणि जासूद धावत येऊन ते मरण सांगतो. म्हणजे सगळ्या नाटकाचा जीव त्या एका भाषणात. केदारीनं तालमीत ते म्हटलं, आणि आम्ही हाय हाय करायचं विसरलो. प्रभंजनचं नाक लाल झालं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तोडगा काढला. जासूद रद्द. राजा मरायला आत जाईल आणि स्वतःच बाहेर येऊन बातमी सांगेल.

"सर, तो मेलेला असतो," मी म्हटलं.

"राजाचं मरण राजापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार, श्यामला?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण समोर शहाणा तर हवा. केदारीच्या हातात भाला देऊन त्याला पहारेकरी केलं. मला फार वाईट वाटलं, कारण त्याची आई येणार होती. नागुबाई गिरणीत कामाला. चुलीपुढं बसून ऐकता ऐकता तिला निम्मं भाषण पाठ झालं होतं, आणि लेक काय बोलणार ते तिनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

"आता कोणत्या तोंडानं सांगू तिला?" केदारी मला म्हणाला. त्यानं सांगितलंच नाही.

प्रयोगाला पुढच्या रांगांत प्राध्यापक आणि वकील, मागं नागुबाई आणि तिची गल्ली. राजा आत गेला, किंचाळला, मेला, आणि अंगावरचं वस्त्र सावरत परत आला.

"ऐका नागरिकहो, राजा कसा मेला ते!"

पुढच्या रांगेत माना डोलू लागल्या. ग्रीकांत असंच असेल, अशी ज्यानं त्यानं आपली समजूत घातली आणि शेजाऱ्याला विचारायचं टाळलं. प्रभंजननं भाषणाला हात घातला, आणि मागं नागुबाई उभी राहिली.

"ए राजाप्पा, तू आत्ता मेलास न्हवं?"

कुणीतरी "अक्का, कुंद्री" म्हणत तिला खाली बसवायला गेलं. ती बसली नाही.

"मेल्यालं माणूस बोलाय लागलंय, आन् माझं लेकरू जितं असून गप का हुबं?"

प्रभंजननं विंगेत मामांकडं पाहिलं. मामा भाषांतराची पानं उलटत होते. केदारीनं भाला माझ्या हातात दिला आणि पुढं आला.

"राजा मेला," तो म्हणाला. "मी तिथं होतो."

पुढं तो बोलत राहिला आणि लोक ऐकत राहिले. प्रभंजन त्याच्या शेजारी बराच वेळ तसाच उभा होता. मग आपण मेलोय हे त्याला पटलं असावं, कारण तो हळूच विंगेत निघून गेला.