आपोआप सरळ होणारी भिंत

डॉक्टरांनी वीट उचलायला मनाई केली आणि मिस्त्रींच्या पाठीचं दुखणं थांबून जिवाची तगमग सुरू झाली. चाळीस वर्षं भिंती उभारलेला माणूस आता लेकीच्या बागेत खुर्चीवर बसून कुंड्या मोजायचा. लेक बापाला पुरती ओळखून होती. तिने त्यांची थापी आणि ओळंबा कपाटात घालून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

अशात जावयाच्या डोक्यात बार्बेक्यूचं खूळ शिरलं. जावई रसायनशास्त्राचे मास्तर. बागेत स्वतःच्या हाताने विटांची चूल बांधायची आणि रविवारी शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून मिस्त्री वाट पाहत बसले. मास्तरांनी मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि विचारण्यासारखं काही उरलंच नाही.

पहिल्या सकाळी मास्तरांनी दोन थर लावले. विटा कोरड्या ठणठणीत, सांध्यावर सांधा, आणि भिंत अशी कललेली, जणू शेजारणीचं बोलणं ऐकायला वाकली आहे. "झकास!" म्हणून मास्तर शाळेत गेले, लेक ऑफिसला.

मिस्त्रींनी दहा मिनिटं स्वतःला आवरलं. मग स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, पाटावर बसले, सिमेंटचा माल ओला होता तोवर दोन्ही थर उतरवले आणि विटा भिजवून एकेक पुन्हा लावली. दोऱ्याला चमचा बांधून ओळंबा केला. पाठ दुखली, पण इतकं गोड दुखणं सहा महिन्यांत मिळालं नव्हतं.

मग रोज तेच. सकाळी मास्तरांनी बिघडवायचं, ते शाळेत गेले की सासऱ्याने निस्तरायचं. "वा जावईबापू, हात आहे हो तुमचा!" असं मिस्त्री हसू दाबत म्हणायचे. रविवारनंतर काय, हा विचार मात्र पाठ सोडायचा नाही.

रविवारी निखारे फुलले, कणसं भाजली गेली. शेजारचे दातांचे डॉक्टर चुलीवरून हात फिरवत म्हणाले, "मास्तर, आम्हालाही एक बांधून द्या. पण एवढी सरळ कशी जमली हो?"

"त्यात काय! लावताना वाकडीच असते. सिमेंट सुकताना आत क्रिया होते ना, तिने ओढली जाते. संध्याकाळी आपोआप सरळ. सहा दिवस नोंद ठेवली आहे मी."

मिस्त्रींना जोराचा ठसका लागला. पाणी आणायला उठलेली लेक जागीच थांबली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग बापाच्या सिमेंटने फुटलेल्या बोटांकडे.

"बाबा!"

मिस्त्रींनी हात पाठीमागे नेले. "एका वेळी एकच उचलली गं. तीही बसून. दिवसभर दुसरं काय करू मी?"

लेकीचा राग कुठल्या कुठे गेला. नवऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "डॉक्टरसाहेबांच्या चुलीला विटा हा उचलेल, माल हा कालवेल. तुम्ही फक्त लावायच्या."

मास्तर अजून भिंतीतच अडकले होते. "म्हणजे ती क्रिया..."

"खड्ड्यात गेली क्रिया!" मिस्त्री उठून उभे राहिले. लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढ्या काळात जावयाला त्यांनी एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. "उद्या शाळेतून आलास की आधी विटा भिजत घाल. आणि मला न विचारता एक जरी लावलीस, तर बघ!"