गाजरगवताचा शेजार

मी एक जुना पवना आहे. केदारखेड्याच्या शिवारात, दोन शेतांमधल्या बांधावर वाढलेला गवताचा ठोंब. मित्रांनो, मला गाजरगवताचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

आम्ही बांधावर चाळीसेक ठोंब होतो. एका अंगाला द्वारकाबाईंचं शेत, दुसऱ्या अंगाला त्यांचे दीर मच्छिंद्र यांचं. द्वारकाबाई आम्हाला कापून गाईला घालायच्या. त्याचं कधी दुःख वाटलं नाही. आम्ही पुन्हा फुटायचो.

मग कुणाच्या तरी शेणखतातून गाजरगवत आलं. वाटलं, जागा आहे, राहू दे. पण त्याच्या पानांवरून ओघळलेलं पाणी विषारी होतं, मुळांतूनही विष झिरपायचं. माझ्या मुळांची टोकं करपली. माझं बी त्याच्याजवळ पडलं, ते रुजलंच नाही. समोरून भांडलं असतं, तर मीही भांडलो असतो. त्यानं मातीच नासवली.

आम्ही कमी झालो, तशी गाय तेच खाऊ लागली. दूध कडू झालं. ते उपटताना द्वारकाबाईंच्या हातांना फोड आले. बांध साफ करा म्हणून त्यांनी दिरांना विनवलं. मच्छिंद्र दोन महिने टाळत राहिले. पांढरी फुलं भरात आल्यावर त्यांनी गवत उपटलं आणि आमच्याच अंगावर ढीग रचला. फुलांतलं बी मातीत झडलं, पावसात ढीग कुजला, विष खाली उतरलं आणि माझ्या शेजारचे सहा ठोंब मेले.

द्वारकाबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमी गवत काढून न्हाई राह्यले, पेरून राह्यले."

मच्छिंद्र रागानं निघून गेले. वर्षभर दोघांचं बोलणं बंद होतं.

द्वारकाबाईंनी हातांना फडकी गुंडाळून ढीग खड्ड्यात पुरला. रस्त्याकडेच्या तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी आणून बांधाच्या आपल्या अंगाला फेकलं. तरोटा दाट उगवला आणि त्याच्याखाली गाजरगवत खुरटलं. मच्छिंद्रांच्या अंगाला मात्र ते कमरेएवढं माजलं. कडेचं सोयाबीन उगवलंच नाही.

शेवटी मच्छिंद्र आले. "वहिनी, तरोट्याचं बी उरलं का?"

"देते. पण आधी उपटायला या. अजून फूल न्हाई आलं."

दोघांनी मिळून ते उपटलं. आम्ही अकराच उरलो होतो.

मित्रांनो, गाजरगवत फुलण्याआधीच मुळासकट उपटा. त्याची कीव करू नका. त्यानं आमची केली नाही.