मागच्या अंगणाचा फॉल

मागच्या दाराबाहेर काँक्रीटचे सहा चौकोन होते. त्यांत अकरा भेगा, पैकी चार इतक्या रुंद की त्यांत पेन्सिल उभी राहावी. दाराकडून तिसरा चौकोन शेजारच्यापेक्षा सव्वा इंच वर आलेला. पाऊस पडून गेला की दाराशीच एक डबकं. खुर्ची एकही नाही. खुर्ची काचेच्या दाराच्या आत होती, आणि खुर्चीत आजी.

मागच्या हिवाळ्यात त्या सव्वा इंचाला ठेचकाळून आजी, म्हणजे रत्नाबाई, पडल्या होत्या. हाड जुळलं, काठीही जवळजवळ सुटली, पण मागचं दार काही त्यांनी ओलांडलं नाही. हॉस्पिटलात मनगटावर पिवळी पट्टी बांधली होती. तिच्यावरचं इंग्रजी आजीने नर्सकडून उच्चारासकट शिकून घेतलं होतं : फॉल रिस्क, म्हणजे पडण्याचा धोका. तेव्हापासून घरात कुणी ‘फॉल’ म्हटलं की ती कान टवकारायची.

नात उपासना नुकतीच मटेरियल सायन्सची डिग्री घेऊन अमेरिकेतल्या कॅरी गावी घरी आली होती. नोकरी सुरू व्हायला अवकाश होता. तिचा बाबा अतुल म्हणाला, “तुझाच सब्जेक्ट आहे ना? मग काँट्रॅक्टर तूच बघ. पण आई बाहेर बसली पाहिजे, एवढंच.”

पहिला काँट्रॅक्टर आलाच नाही. दुसऱ्याने फोनवरच सॅटेलाइटचा फोटो पाहून दगडी नक्षीची सहा नावं सांगितली. इथे एक म्हातारी पडली होती हे उपासनाने सांगितल्यावर तो म्हणाला, “ओके,” आणि सातवं नाव सांगितलं.

तिसरी लोरेटा. ट्रकमधून उतरली, थेट मागे गेली आणि काही न बोलता पालथी पडून गाल काँक्रीटला लावला. एक डोळा मिटून तिने आख्खं अंगण न्याहाळलं.

“बाई गं,” आजी आतून म्हणाली, “ही पण पडली का?”

लोरेटा उठली, कपडे झटकले. “सगळं पाणी घराकडे येतंय. मी हे फोडून नवं ओतणार. वर स्लेटच्या दगडाचा ठसा. या काउंटीत माझ्यासारखा ठसा कुणाचा उठत नाही, कुणालाही विचार. आणि बारा फुटांना तीन इंच फॉल.”

काचेचं दार सरकलं. “काय म्हणाली? फॉल? काहून?” आजीने लोरेटाकडे बोट रोखलं. “नो फॉल!”

“मिस रत्ना,” लोरेटा अदबीने म्हणाली, पण हटली नाही, “फॉल नसेल तर मी काम घेत नाही. लोरेटाने बांधलेलं डबकं अजून कुणी पाहिलेलं नाही.”

“आजी, फॉल म्हणजे उतार गं,” उपासना घाईने म्हणाली.

“मग? माणूस उतारावरच पडतो.”

“किती थोडा आहे तो! दोन टक्के. सव्वा डिग्रीसुद्धा नाही.”

“मी पडली ते किती होतं? सव्वा इंच ना?”

लोरेटा टेप गुंडाळू लागली. ही गेली तर खुर्ची काचेच्या आतच राहणार, हे उपासनाला स्पष्ट दिसत होतं. तिने खाली पाहिलं. समोर आजीच्या साडीचा घोळ होता आणि आतून शिवलेली पट्टी किंचित डोकावत होती. नागपूरला, इंदोऱ्यातल्या घरी, आजीने वर्षानुवर्षं मोहल्ल्याच्या साड्यांना फॉल-पिको केलं होतं.

“आजी, साडीला फॉल काहून लावते तू?”

“हे काय विचारणं झालं? नाही लावला तर काठ गोळा होतो, पायात येतो, अन् बाई पडते ना तोंडाव...” आजी थांबली.

“अंगणालाही तसाच लागतो. नाहीतर पाणी गोळा होतं. दाराशी येतं. थंडीत त्याचा बर्फ होतो.”

आजीने अंगणाकडे पाहिलं, मग साडीच्या घोळाकडे. “मग काठ कोणत्या बाजूला देणार, विचार तिला.”

उपासनाने विचारलं. लोरेटाने टेप खिशात टाकला आणि ट्रकमधून रंगांचं कार्ड घेऊन धावतच आली. काठ! खालच्या कडेला फूटभर रुंद पट्टा! आजीचं बोट तपकिरी रंगांवरून पुढे सरकत निळ्यावर थांबलं. “जमीन पांढरट, काठ निळा. आपल्या बुद्धपौर्णिमेच्या साडीसारखा.”

“निळा? लोक ब्राउन घेतात, मिस रत्ना.”

“लोकांना घेऊ दे.”

काम चाललं तेव्हा आजी काचेला नाक लावून बसायची. लोरेटा ओल्या काँक्रीटवर रंगाची पूड अशी फेकायची की ती एखाद्या चादरीसारखी पसरून खाली बसे. मग ती अंगठा दाबून बघे, थांबे, पुन्हा दाबे, आणि एका क्षणी ओरडे, “आता!” रबरी साचे भराभर पडत, माणसं त्यांवर चढून ठोकत, आणि साचा उचलला की खाली दगड. शिरा, कंगोरे, सगळं. उपासनाने आपलाही अंगठा दाबून पाहिला आणि अजून दोनदा दाबायची परवानगी मागितली.

“दिसलं?” लोरेटा काचेकडे वळून छाती ठोकायची. “हे येतं का कुणाला?”

“मोठी मिरवते बाई,” आजी म्हणाली. “पण हात बघ तिचा. एकदा पडला की पुन्हा फिरत नाही.”

शेवटच्या चमकदार थराचं लोरेटाने कार्ड दाखवलं, तेव्हा आजीने नकारार्थी मान हलवली. चमकतं ते घसरतं. लोरेटाने हसून डबा दाखवला : सीलरमध्ये, म्हणजे त्या वरच्या थरात, पाय घसरू नये म्हणून ती बारीक खरखरीत पूड मिसळणारच होती.

सगळं मुरल्यावर तिने बादलीभर पाणी दाराशी ओतलं. पाणी स्लेटच्या रेघांमधून वाट काढत निळ्या काठाकडे गेलं आणि गवतात उतरलं. लोरेटाने बूट काढले आणि ओल्या अंगणावर अनवाणी एक गिरकी घेतली.

“युअर टर्न, मिस रत्ना!”

उपासनाने हात पुढे केला. “सोड,” आजी म्हणाली. तिने घोळ मुठीत धरून किंचित उचलला, उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं, तळवा घासून पाहिला. मग दुसरं पाऊल. काठापर्यंत पोचून ती मागे न वळता ओरडली, “आता खुर्ची आणता का मी अशीच उभी राहू?”

संध्याकाळी उपासनाने टेप लावला. काचेच्या दारापासून निळ्या काठावर टेकलेल्या आजीच्या खुर्चीच्या पुढच्या पायापर्यंत अंतर : अकरा फूट चार इंच.