पानं हिरवी झाली की

बकरी राऊंडला आली तेव्हा बंडूजी जागेच होते. पांढरा कोट तिला मागून जरा आखूड होत होता. खाटेपाशी थांबून तिने तापाचा तक्ता आधी वाचला, मग खाल्ला. वाचून झाल्यावर कागद ठेवायचा कशाला, हा तिचा विचार बंडूजींना रास्त वाटला.

त्यांनी तिला ओळखलं. ही त्यांचीच कबरी. तिला हगवण लागली होती तेव्हा बंडूजींनी स्वतःच्या उरलेल्या गोळ्या गुळात दडवून तिला चारल्या होत्या. कबरी वाचली होती. वाचलेल्या पेशंटने पुढे शिकून डॉक्टर व्हावं, यात त्यांच्या तापलेल्या डोक्याला काही वावगं दिसेना.

"कसं वाटून राह्यलं?" कबरीने विचारलं.

"मले काय विचारतं? डॉक्टर तू हायस."

"मले अर्ध्याच गोळ्या भेटल्या होत्या," असं म्हणून कबरी भिंतीतून निघून गेली.

"बाबा, कोणाशी बोलताय?" डॉक्टर गुंजन मॅडम उशाशी उभ्या होत्या. त्यांना चार पाय नव्हते, ही गोष्ट बंडूजींनी दोनदा खात्री करून घेतली.

"बकरीसंगं."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

बंडूजी नाचणगावचे. साऱ्या जन्मात त्यांनी वांगी पिकवली आणि पुलगावच्या बाजारात विकली. वांग्यानेच त्यांना जगाचा एक नियम शिकवला होता: पानं हिरवी दिसली की फवारणी बंद. तोच नियम ते घरच्यांना, जनावरांना आणि स्वतःला लावत. लघवीला जळजळ झाली की मेडिकलमधून गोळ्या आणायच्या. जळजळ गेली की उरलेल्या फडताळातल्या डब्यात टाकायच्या. तो डबा म्हणजे गल्लीचं आरोग्य केंद्रच होतं. कोणाची दाढ दुखो, कोणाचं वासरू धापा टाको, बंडूजी डबा हलवून बघत आणि हाताला लागेल ती गोळी देत.

या वेळी मात्र जळजळ गेली नाही. ती वर चढली, रक्तात उतरली आणि थंडीने हुडहुडणाऱ्या बंडूजींना घेऊन दवाखान्यात आली.

"तुमच्या रक्तातल्या जंतूंवर आम्ही बरीच औषधं लावून पाहिली," गुंजन मॅडमनी बंडूजींना आणि त्यांच्या बायकोला, कुंताबाईंना, समजावलं. "कुठल्याच औषधाला ते दाद देत नाहीत. एकच उरलंय. किडनीला जड आहे, म्हणून इथं राहूनच घ्यावं लागेल, आणि पूर्ण घ्यावं लागेल. मधेच सोडलं आणि हे जंतू त्यालाही सरावले, तर माझ्याकडं द्यायला काही नाही."

"अळीचं बी असंच असते," बंडूजी म्हणाले आणि झोपी गेले.

मग ते दिवस पाण्यासारखे वाहिले. सलाईन थेंब थेंब गळत होतं आणि बंडूजींना कळून चुकलं, की आपल्याला ठिबकवर लावलंय. आपण सरीत उभे आहोत, पाय मातीत गेलेत, काखेत फूल आलंय. आतल्या नसांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जंतू निवांत बसून औषधांच्या पुड्या फोडत होते. 'हे औषध चाखलं, तेबी चाखलं,' असं एकमेकांना सांगत होते. बंडूजींनी त्यांना हटकलं नाही. पाहुणे बोलावले कोणी, हा प्रश्न निघाला असता.

एका दुपारी त्यांना भूक लागली. ताप उतरला होता. खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड नुसतं झाड होतं, काही बोलत नव्हतं. बंडूजींना क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

कुंताबाई आल्या. बंडूजींना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, त्यामुळे आत येणाऱ्याला अंगावर निळा झगा आणि हातात रबरी मोजे चढवावे लागत.

"उद्या माह्यं धोतर आनजो," बंडूजी हळूच म्हणाले. "निंगू आपन."

"औषद बाकी हाय ना अजून! डॉक्टरीनबाईनं सांगतलं, पुरं करा."

"आता काय करा लागते व? पानं हिरवी झाली."

"तुमी वांगं हा का?"

"वावरात माल जून होऊन राह्यला. या बाजाराले नाई तोडला तं ढोरं बी खानार नाईत. तू नको आनू धोतर. मी हाच दवाखान्याचा पायजमा घालून जातो यष्टीत."

ते जातील, हे कुंताबाईंना ठाऊक होतं. एकदा पायाचं प्लास्टर त्यांनी विळ्याने कापलं होतं, कारण मिरची तोडायला आली होती. त्या उठल्या आणि गावाकडची बस धरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, धोतराशिवाय. दारातच त्या रबरी मोजे चढवत होत्या, पण बोटं आत जाईनात. एक बोट घातलं की कळवळून बाहेर काढत.

"हाताले काय झालं?" बंडूजींनी विचारलं.

"काटे गेले. वांग्याचे."

"तोडा केला?" बंडूजी उठून बसले. "एकटीनं?"

"तोडा नाई. उपटली."

"काय उपटलं?"

"झाडं. सारी. फळं बाया घेऊन गेल्या पदराच्या वट्यात भरून. झाडं धुऱ्यावर टाकली."



"फुलावर होती व," बंडूजी म्हणाले. "अजून किती तोडे निंगाले असते."

"निंगाले असते." कुंताबाईंनी शेवटी मोजे चढवले आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. "आता घरी काई नाई तोडाले. आता काऊन जाता?"

बंडूजी खिडकीकडे वळले. तसंच त्यांनी विचारलं, "मुळासकट?"

"मुळासकट."

नर्स नवी बाटली घेऊन आली. रोज ती "हात द्या बाबा" म्हणायची, रोज बंडूजी तो पांघरुणात लपवायचे. आज तिने तोंड उघडायच्या आधीच त्यांनी डावा हात बाहेर काढला आणि शीर वर करून उशीवर ठेवला.

उजव्या हाताने त्यांनी कुंताबाईंचा पंजा ओढून घेतला आणि रबरावरूनच एकेक बोट दाबून बघू लागले. रबरातून काटा काही लागत नव्हता. कुंताबाईही, कुठं दुखतं, ते सांगत नव्हत्या.