हल्ला नऊ, दम दोन

ज्या दिवशी बाई गेल्याचे घरात कळले, त्या दिवशी मी सुताराच्या मुठीत होतो. तो इस्पितळातून अंघोळीपुरता घरी आला होता. डोके पुसता पुसता टेबलापाशी थांबला, अर्ध्यावर राहिलेल्या डावाकडे बघून खूश झाला आणि मला उचलून पुढे सारणार, एवढ्यात फोन वाजला. "हो," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा "हो." मग त्याने मला पटावर होतो त्याच घरात परत ठेवले, चपला उलट्या पायांत घातल्या आणि गेला. दार उघडेच राहिले.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हत्ती आहे. कपाटात ठेवायचा शोभेचा नव्हे. जुन्या काळच्या लढाईचा एक पटावरचा खेळ असतो, त्यातला लढाऊ हत्ती. माझी हकीकत ऐकून तुम्ही हळहळाल आणि मग मला हातात घेऊन म्हणाल, "बापरे, काय भारी हत्ती आहे!" आजवर सगळे तेच म्हणाले. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, तुमच्याबद्दल माझे मत काही फार चांगले नाही.

माझा जन्म खुर्चीच्या पायातून झाला. खेळाच्या खोक्यात मुळात पुठ्ठ्याचा हत्ती होता. तो या घरच्या लेकीने दात येत असताना चावून त्याचा चोथा केला. तिचा बाप फर्निचरच्या कारखान्यात सुतार. त्याने मोडक्या खुर्चीचा पाय घरी आणला आणि मला कोरले. दुसऱ्याच्या दाराची चौकट मापाने बसवणारा हा माणूस, स्वतःच्या घरच्या कामात माप घेईल तर शपथ! मी पटावरच्या एका घरात मावत नाही. माझा पार्श्वभाग कायम शेजारच्या घरात असतो.

"हा हत्ती आहे की पाण्याचा नळ?" माझी सोंड बघून बाईने विचारले.

"लढाईतला हत्ती असाच असतो."

"तुम्ही कधी बघितलात लढाईतला?"

"तू बघितलायस का? मग गप बस."

बाई म्हणजे सुताराची बायको. गावच्या तरणतलावावर ती मुलांना पोहायला शिकवायची. सगळी मुले तिला बाई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. तिचा आवाज असा, की तलावाच्या या टोकाला ओरडली तर त्या टोकाचे पोर नाकातोंडात पाणी जाण्याआधी सरळ व्हायचे. सुताराला पोहता येत नव्हते. तो काठावर टॉवेल धरून उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "ती माझी मिसेस."

आता खेळ समजून घ्या. तुम्हाला एका दमात समजेल अशी आशा नाही, पण प्रयत्न करतो. फौजेतल्या प्रत्येकाचे एक पान असते. त्यावर चार आकडे, एकाखाली एक. हल्ला, म्हणजे तुम्ही किती जोरात मारता. बचाव, म्हणजे किती झेलता. वेग, म्हणजे किती घरे चालता. आणि सर्वांत खाली छापले होते, मनोधैर्य. म्हणजे मार बसत असताना तुम्ही किती वेळ जागेवर टिकता. प्रत्येक माऱ्याला ते एकाने कमी होते. शून्य झाले, की तुम्ही मेला नसलात तरी पाठ फिरवून पळता. बाईने पहिल्याच दिवशी तो शब्द पेनाने खोडला आणि सगळ्या पानांवर 'दम' असे लिहिले. "मनोधैर्य म्हणेपर्यंत माणूस बुडायचा," ती म्हणाली.

माझ्या पानावर लिहिले आहे, हल्ला नऊ. पटावर इतका हल्ला दुसऱ्या कोणाचाही नाही. बचाव सात. वेग चार. दम दोन. होय, दोन. गोफणवाल्याचासुद्धा तीन आहे. गोफणवाला म्हणजे लांबून दगड मारून मागे सरणारा, हल्ला अवघा एक असलेला फाटका शिपाई. त्याचा दगड मला दुखवत नाही, पण माझा दम एकाने कमी करतो. दोन दगडांत माझा खेळ आटोपतो. आणि बिथरलेला हत्ती नुसता पळत नाही. नियम असा, की तो आल्या वाटेने मागे पळतो आणि मागे जो कोणी असेल त्याला तुडवतो.

मागे कोण असते? आपलीच माणसे.

सुतार प्रत्येक डावात मला मधोमध पुढे ठेवायचा आणि घोडेस्वार, भालाईत, सगळे माझ्या पाठीशी दाटीवाटीने उभे करायचा. "हत्तीच्या आडोशाला," असे म्हणायचा. बाई दोन गोफणवाले पाठवायची. टप, टप. मी मागे वळायचो आणि सुताराच्याच फौजेचा चिखल करायचो. बाई चहा ठेवायला उठायची.

"नशीब तुझं! फासे बरे पडले."

"अहो सेनापती, आधी पान वाचा."

"वाचलंय. हल्ला नऊ!"

मित्रांनो, ही अतिशयोक्ती नाही. तो पान हातात धरायचा तेव्हा त्याचा रुंद, रंध्याने घट्टे पडलेला अंगठा बरोबर तळाच्या आकड्यावर यायचा. वर्षानुवर्षे त्याने मला तीनच आकड्यांचा हत्ती समजून खेळवले. हरला, की फाशांना शिव्या द्यायच्या, पटाला द्यायच्या, टेबलाचा एक पाय आखूड आहे म्हणायचे. टेबल त्यानेच केलेले. पण अंगठा काही हलवायचा नाही. असा माणूस माझा निर्माता आहे, याची मला लाज वाटते. आणि खोलीत आलेला प्रत्येक पाहुणा मलाच उचलून म्हणायचा, "हा असल्यावर काय काळजी!" म्हणजे सगळे त्याच माळेचे मणी.

पुढे लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि आम्ही खोक्यासकट माळ्यावर गेलो. माझ्या डोक्यावर जुना पंखा ठेवला होता. त्याबद्दल कुरकुर करणार नाही. माळ्यावर निदान कोणी कौतुक करत नव्हते.

खोके पुन्हा खाली आले ते बाई घरी बसली म्हणून. छातीचे काहीतरी दुखणे होते. सुताराने दुपारची पाळी बदलून घेतली आणि पट मांडला. टेबल दाराजवळ, त्यामुळे जिना चढणाऱ्या पावलांचा आवाज मला ऐकू यायचा. सुतार पिशव्या घेऊन वर पोचलेला असायचा आणि बाई मधल्या वळणावर थांबलेली.

"काय गं? चल की."

"चावी शोधतेय."

चावी सुताराच्या खिशात असायची. रोज त्याच्याच खिशात. रोज ती तिथे थांबून चावी शोधायची आणि या शहाण्याला रोज ते पटायचे.

फोनवर तो लेकीला सांगायचा, "अगं, आईला काही झालेलं नाही. आज डॉक्टरलाच झापलं तिनं. आवाज बघ तिचा अजून!" आवाज होताच. हल्ला नऊ होता. वाकून पटाच्या पलीकडचा शिपाई उचलणे मात्र तिला जमेना.

"माझा गोफणवाला दोन घरं मागे घ्या."

"बाईसाहेबांचे शिपाईपण आता मीच हलवायचे का?"

"मग? एवढा चाकर ठेवलाय कशाला?"

दोघेही हसले. तो पोट धरून हसला. ती थोडेच हसली, कारण जास्त हसले की तिला धाप लागायची. ते मी बघितले. मी लाकडाचा आहे आणि मी बघितले.

शेवटच्या डावात तिने एक निराळीच गोष्ट केली. माझ्यासमोरचे तिचे सगळे शिपाई तिने बाजूला घ्यायला लावले. गोफणवालेही मागे घेतले. माझ्या नाकासमोरून पटाच्या पार शेवटापर्यंत मोकळी वाट झाली. हत्तीचा आणखी एक नियम आहे. समोर कोणी आडवे नसेल, तर सुटलेला हत्ती थांबत नाही. तो सरळ पटाबाहेर जातो आणि त्या डावापुरता संपतो.

"एक डाव हत्तीशिवाय खेळून बघा," ती म्हणाली.

"आणि कोणाला घेऊन? या भालाइतांना? ते नुसते उभे राहतात."

"उभं राहणं काय कमी असतं?"

"तुला गुंगी आलीये औषधाची. सगळी वाट मोकळी सोडलीस. आता बघ माझा हत्ती!"

"बघते," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिला इस्पितळात न्यावे लागले. खेळी सुताराची होती, ती तशीच राहिली. पुढचे तुम्हाला सांगितलेच आहे.

त्यानंतर माणसे येऊन गेली. कोणी माझ्या पाठीवर चहाचा कप टेकवून बघितला. कोणी मला उचलले, तर सुतार खेकसला, "तिथंच ठेवा!" सगळे गेल्यावर लेक मागे राहिली. तिने घर आवरले, बाईचे पोहण्याचे कपडे घडी करून ठेवले आणि टेबलापाशी आली.

"बाबा, हे उचलू? तुम्ही ओट्यापाशी उभं राहून जेवता."

"नको. डाव चालू आहे. मी जिंकतोय."

"आईशी?"

"शेवटी चुकली ती. औषधांनी डोकं चालत नव्हतं. ही बघ, सरळ वाट सोडलीये."

लेकीने पट नीट पाहिला. लहानपणी या दोघांच्या मांडीवर बसून तिने शेकडो डाव बघितले होते, आणि एक हत्ती खाल्लाही होता.

"आईचे गोफणवाले कुठे होते?"

"पुढेच होते. मागे घेतले तिनं."

"बाबा, दोन दगडांत संपवायचा डाव सोडून तिनं ते मागे का घेतले?"

"दोन दगडांत कसा संपेल? हत्ती आहे तो!"

तिने माझे पान उचलून त्याच्या हातात दिले. अंगठा आपल्या जागी गेला. तिने तो बोटाने धरून बाजूला केला, लहान मुलाच्या मुठीतून खडू काढावा तसा.

"वाचा."

सुताराने वाचले. बाईच्या अक्षरात लिहिलेला शब्द आणि त्यापुढचा आकडा. 

"दोन," तो म्हणाला.

"पहिल्यापासून दोनच आहे, बाबा."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

लेकीने पान परत टेबलावर ठेवले. मला हसू आले असते, पण सोंड खुर्चीच्या पायाची आहे.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "जिन्यात चावी शोधायची ती." लेक म्हणाली, "हो." मग तो खाली बसला आणि ती त्याच्या शेजारी बसली.

जाताना लेकीने पट उचलला नाही. "सावकाश खेळा," एवढेच म्हणाली. ती गेल्यावर सुताराने भालाइतांचे पान काढले आणि दोन्ही हातांनी कडेला धरले, सगळे आकडे दिसतील असे. हल्ला तीन. बचाव पाच. वेग एक. दम आठ. ते माझ्या पाठीमागे इतकी वर्षे उभे होते आणि माझ्याच पायांखाली चिरडले जात होते. त्यांच्याकडे त्याने पहिल्यांदा बघितले.

मित्रांनो, असल्या हकीकतीच्या शेवटी काहीतरी मागायचे असते. मला पुसू नका, तेल लावू नका, माझी कीव करू नका. घरात जो सर्वांत मोठ्याने बोलतो, ज्याच्या आडोशाला तुम्ही निवांत उभे असता, त्याच्या तळाचा आकडा वाचा. तुमचा अंगठा नेमका तिथेच असेल, याची मला खात्री आहे.

सुतार आता टेबलाच्या एका कोपऱ्यावर ताट ठेवून जेवतो. जेवून झाले, की मला उचलतो, वाटेकडे बघतो आणि परत ठेवतो. वाट मोकळी आहे. भालाईत उभे आहेत. खेळी त्याची आहे आणि ती त्याने अजून केलेली नाही.